एब्रोच्या घळईतून सायकलने: नदी उतरते, रस्ता उतरत नाही

पुण्याच्या एका सायकलस्वाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी ताम्हिणी आणि वरंध घाट सायकलने केले आहेत. जूनअखेरीस त्यांना उत्तर स्पेनमध्ये एब्रो नदीच्या उगमापाशी, म्हणजे रेइनोसाजवळ, प्रवास सुरू करून नदीकाठाने सारागोसापर्यंत सहा दिवसांत जायचे आहे. नदीच्या प्रवाहाच्या दिशेने जाणार असल्याने रस्ता उताराचा असेल आणि रोज शंभर किलोमीटर सहज होतील, असा त्यांचा हिशेब आहे. सोबत तंबू असेल, आहार शाकाहारी आहे, आणि सायकल नेहमीची रोड बाइक न्यावी की आणखी काही, असेही त्यांनी विचारले आहे.

मी उत्तर स्पेनमध्ये राहतो आणि इतरांसाठी सायकलप्रवास आखून देण्याचे काम करतो. या प्रश्नात सायकलीचा आणि तंबूचा भाग दुय्यम आहे. खरी अडचण ‘प्रवाहाच्या दिशेने म्हणजे उताराने’ या गृहीतकात आहे, आणि ते सुटले की बाकीचे निर्णय बरेच सोपे होतात.

आधी आकडे पाहू. रेइनोसा समुद्रसपाटीपासून सुमारे ८५० मीटर उंचीवर आहे आणि सारागोसा सुमारे २०० मीटरवर. पाचशे किलोमीटरांच्या आसपासच्या अंतरात साडेसहाशे मीटरांचा उतार म्हणजे किलोमीटरमागे सव्वा ते दीड मीटर. एवढा उतार पायांना जाणवत नाही आणि समोरून साधा वारा असला तरी तो पुसला जातो. शिवाय हा हिशेब नदीचा झाला, रस्त्याचा नव्हे. जिथे दरी रुंद आहे तिथे रस्ता नदीसोबत राहतो. जिथे नदीने चुनखडकात खोल घळई कापली आहे आणि तळाशी नदीशिवाय कशालाच जागा उरलेली नाही, तिथे रस्ता नदीला सोडून वरच्या पठारावर चढतो आणि पुढे कुठेतरी पुन्हा खाली उतरतो. आपल्याला घळया पाहायच्या आहेत, म्हणजे नेमके तेच भाग पाहायचे आहेत जिथे रस्ता नदीसोबत राहत नाही.

सह्याद्रीत सायकल चालवणाऱ्यांना हे वेगळ्या पद्धतीने समजून घ्यावे लागते. पुण्याहून कोकणात जाताना आपण पठारावरून एकदा उतरतो आणि परतताना एकदा चढतो. चढ मोठा असतो, पण तो संपला की संपला. बुर्गोस प्रांताच्या उत्तरेला पठार साधारण हजार मीटरांवर आहे, नदी त्याच्या दोनशे-तीनशे मीटर खाली आहे, आणि गावे दोन्हीकडे विखुरलेली आहेत. त्यामुळे दिवसभरात अडीचशे-तीनशे मीटरांचा चढ दोनदा, कधी तीनदा येतो. एकेक चढ वरंधच्या मानाने किरकोळ वाटेल. परंतु बारा-चौदा किलो सामान लावलेल्या सायकलवर, चौथ्या दिवशी दुपारी, तिसरा चढ किरकोळ राहत नाही.

म्हणून मी कोणाचाही दिवस किलोमीटरांत मोजत नाही. माझा हिशेब असा: सामानासह सपाटीला ताशी पंधरा किलोमीटर धरावेत आणि दर चारशे मीटर चढाईमागे एक तास वेगळा मिळवावा. साठ किलोमीटर आणि हजार मीटर चढाईच्या दिवसाला या हिशेबाने साडेसहा तास निव्वळ सायकलवर जातात. त्यात जेवण, पाणी भरणे, वाट शोधणे आणि गिधाडे पाहत उभे राहणे मिळवले की दिवस भरला. आपला वेग याहून चांगला असू शकतो. सामान किती आहे, सराव कशाचा आहे आणि सोबतीला कोण आहे यावर तो अवलंबून आहे. पण शंभर किलोमीटरांचे सहा दिवस याच मुलखात सलग करायचे ठरवले, तर घळई मागे टाकण्याची घाई होईल आणि पाहणे राहून जाईल.

आता प्रत्यक्ष वाटेविषयी. एब्रोचा उगम मानला जाणारा झरा फोंतिब्रे या गावात, रेइनोसापासून अगदी जवळ आहे. त्याच्या खालोखाल १९५२ साली उद्घाटन झालेल्या धरणाचा मोठा जलाशय लागतो आणि त्यानंतर नदी दक्षिणेला वळून व्हाल्देरेदिब्ले नावाच्या खोऱ्यात शिरते. हे खोरे रुंद आणि शांत आहे, पोलिएन्तेस हे त्यातले मुख्य गाव. आसपास खडकात कोरलेली मध्ययुगीन छोटी चर्चे आहेत. लेण्यांच्या प्रदेशातून आलेल्या माणसाने ती जरूर पाहावीत, मात्र वेरूळच्या अपेक्षेने जाऊ नये, ती साधी, खोलीएवढी आहेत. सान मार्तिन दे एलिनेस येथे रोमनेस्क शैलीचे सुरेख जुने चर्च आहे. त्याच्या पुढे दोन्ही बाजूंचे कडे जवळ येऊ लागतात.

पोलिएन्तेस ते एस्कालादा हा पट्टा माझ्या मते संपूर्ण एब्रोवरचा सायकलसाठी सर्वांत चांगला भाग आहे, कारण इथे अपवादाने रस्ता घळईच्या तळातूनच, नदीला लागून जातो आणि त्यावर वाहतूक फार कमी असते. मध्येच ओर्बानेखा देल कास्तिल्यो हे गाव लागते. गावावरच्या गुहेतून निघालेला झरा थेट वस्तीच्या मधून वाहत येतो आणि रस्त्यालगत धबधबा होऊन हिरव्यानिळ्या कुंडांत पडतो. शनिवार-रविवारी इथे मोटारींची गर्दी होते, तेव्हा हा टप्पा आठवड्याच्या मधल्या दिवशी यावा अशी आखणी करावी. आकाशात दिसणारी मोठी, रुंद पंखांची गिधाडे ग्रिफन जातीची असतात. कड्यांच्या कपारींत त्यांची घरटी असतात आणि ऊन तापून हवा वर चढू लागली की ती एकामागून एक बाहेर पडतात. हा सगळा परिसर २००८ पासून ‘ओसेस देल आल्तो एब्रो ई रुद्रोन’ या नावाने संरक्षित निसर्गउद्यान आहे.

ओर्बानेखाचा झरा नुसता देखावा नाही, त्यात या मुलखाचे पाण्याचे गणित आहे. पठाराचा खडक चुनखडीचा आहे. पावसाचे पाणी त्याच्या भेगांतून आत मुरते आणि घळईच्या कडांवर किंवा तळाशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या पठारावर जसे ओढे आणि टाकी भेटतात, तसे इथे वर काही भेटत नाही. याचा व्यावहारिक अर्थ एवढाच की चढाला लागण्यापूर्वी खालच्या गावात सर्व बाटल्या भराव्यात आणि एका माणसामागे किमान तीन लिटर पाणी वर न्यावे. गावांतल्या सार्वजनिक कारंज्यांवर बहुधा पाटी असते. ‘आग्वा पोताब्ले’ म्हणजे पिण्यायोग्य, ‘नो पोताब्ले’ म्हणजे अयोग्य, आणि पाणी तपासलेले किंवा निर्जंतुक केलेले नाही अशा अर्थाचीही पाटी काही ठिकाणी दिसते. शेवटच्या प्रकारचे पाणी स्थानिक लोक खुशाल पितात; प्रवाशाने ते गाळण्याच्या बाटलीतून प्यावे.

एस्कालादाच्या पुढे आखणीचा खरा कस लागतो. व्हाल्देलातेखा येथे रुद्रोन नदी एब्रोला मिळते आणि तिथून पेस्केरा दे एब्रोपर्यंत नदी अतिशय देखण्या वळणांच्या घळईतून जाते. नकाशावर काठाने जाणारी लाल-पांढऱ्या खुणांची वाट दिसेल. ती जीआर-९९ ही एब्रोच्या उगमापासून मुखापर्यंत आखलेली, बाराशे किलोमीटरहून लांब वाट आहे. तिचे पुष्कळ तुकडे सायकलने करता येतात, परंतु इथला तुकडा पाऊलवाटेचा आहे: दगड, पायऱ्यांसारखे टप्पे, अरुंद कडा. सामान लावलेली सायकल तिथे उचलून न्यावी लागेल. मोबाइलमधला नकाशा ही वाट सायकलची म्हणून सुचवील, तेव्हा त्यावर विसंबू नये. माझा सल्ला असा की एस्कालादाच्या परिसरात दोन रात्री मुक्काम करावा, मधल्या दिवशी सायकल कुलपात ठेवून हा भाग पायी पाहावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याने पठारावर चढून पेस्केराकडे जावे. दारांवर दगडी कुलचिन्हे कोरलेली जुनी घरे हे पेस्केराचे वैशिष्ट्य आहे.

हीच गोष्ट स्पेनमधल्या इतर प्रसिद्ध घळयांनाही लागू आहे. कारेसची वाट असो किंवा मोंत-रेबेईची कड्यात खोदलेली वाट असो, छायाचित्रांत दिसणारे हे मार्ग चालणाऱ्यांसाठी आहेत. ज्यांना चढ टाळून घळई पाहायची आहे त्यांच्यासाठी खरा पर्याय म्हणजे ‘व्हिया व्हेर्दे’, अर्थात बंद पडलेल्या लोहमार्गांवर १९९३ पासून तयार होत गेलेले सायकल आणि पायवाटांचे मार्ग. आगगाडीसाठी आखलेले असल्याने त्यांचा चढ क्वचितच तीन टक्क्यांहून अधिक असतो. आन्दालुसियातला ‘व्हिया व्हेर्दे दे ला सिएर्रा’ हा छत्तीस किलोमीटरांचा मार्ग तीस बोगद्यांतून जातो, आणि गंमत म्हणजे तो पुरा न झालेल्या, एकही गाडी न धावलेल्या लोहमार्गावर आहे. आपल्या वाटेवरही ओन्या आणि त्रेस्पादेर्ने यांच्या दरम्यान ओरादादाच्या घळईत सांतान्देर-मेदितेर्रानेओ या जुन्या लोहमार्गाचा असा तुकडा लागतो. तिथे हमरस्ता सोडून या मार्गानेच जावे.

पेस्केरानंतर मांसानेदोचे खोरे, मग ओसिनोस नावाची छोटी घळई, व्हाल्दिव्हिएल्सोचे हिरवे खोरे, ओन्याचा प्राचीन मठ आणि त्रेस्पादेर्ने असा क्रम येतो. तिथून फ्रियास. टेकडीच्या कडेवर किल्ला, त्याखाली कड्याला चिकटलेली घरे आणि नदीवर मध्ये बुरूज असलेला मध्ययुगीन दगडी पूल असे हे गाव आहे. १४३५ पासून त्याला नगराचा दर्जा आहे, जरी वस्ती काही शेकड्यांचीच असली तरी. फ्रियासच्या पुढे गारोन्या येथे डिसेंबर २०१२ पासून थांबलेला अणुवीज प्रकल्प लागतो आणि त्यानंतर सोब्रोनची घळई. या घळईतल्या रस्त्यावर दरडींचा धोका असतो, म्हणून फ्रियासमध्ये असतानाच तो खुला आहे की नाही याची चौकशी करावी. ती ओलांडली की मिरांदा दे एब्रो हे मोठे शहर येते.

इथे मी आपल्या आराखड्यात सरळ कात्री लावतो. सहा दिवसांत सारागोसा सोडून द्यावे आणि मिरांदापर्यंत, फार तर आणखी एक दिवस मिळाल्यास पुढच्या आरो या गावापर्यंत जावे. आरोच्या उंबरठ्यावर कड्यांची एक शेवटची खिंड आहे आणि तिच्या पलीकडे द्राक्षमळ्यांची रिओखा सुरू होते. त्यानंतर नदी मोकळ्या, शेतीच्या खोऱ्यातून वाहते. ते खोरे वाईट नाही, नाशिककडच्या माणसाला तर तिथे घरच्यासारखे वाटेल. पण आपण घळयांसाठी जात आहात, आणि लोग्रोन्यो शहराच्या पुढे जूनअखेरीस उष्मा, सपाट रस्ते आणि मालमोटारींची एन-२३२ या हमरस्त्यावरची वर्दळ यांसाठी दोन दिवस खर्च करणे मला पटत नाही.

जूनअखेरीविषयी. बुर्गोसकडे एक म्हण आहे: नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक. ती अतिशयोक्ती आहे, पण पठारावर सकाळी दहा अंश आणि दुपारी पस्तिशीच्या जवळ, असे एकाच दिवसात घडू शकते. आपल्या सवयीला धक्का देणारी गोष्ट घड्याळाची आहे. स्पेनचे घड्याळ मध्य युरोपाप्रमाणे चालते, जरी देश बराच पश्चिमेला असला तरी. त्यामुळे जूनअखेरीस या भागात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, माथ्यावर दुपारी सव्वादोनच्या सुमारास येतो आणि मावळतो पावणेदहानंतर. उन्हाचा कहर बारा-एकला संपेल या हिशेबाने चारला पुन्हा निघालात तर नेमके सर्वांत तापलेल्या तासांत चढाला लागाल. सातला निघावे, मोठा चढ अकराच्या आत संपवावा, दोन ते सहा सावलीत घालवावेत आणि उरलेले वीस-पंचवीस किलोमीटर संध्याकाळच्या लांब उजेडात करावेत. तारखा बदलता येत असतील तर मे अखेर ते जूनचा मध्य किंवा सप्टेंबर मी निवडीन. सप्टेंबरअखेरीस मात्र दिवस सकाळी आठ ते रात्री आठ एवढाच उरतो, आणि त्यानंतर शनिवार-रविवारी रानडुकरांच्या शिकारीचे हाके सुरू होतात. तशी सूचना देणारी पाटी रानवाटेवर दिसली तर त्या वाटेला जाऊ नये.

जेवणाचे वेळापत्रकही याच घड्याळाशी बांधलेले आहे. दुपारचे जेवण दोनच्या आसपास मिळते, चारनंतर स्वयंपाकघर बंद होते, आणि रात्रीचे नऊच्या आधी क्वचितच. दुकाने दोन ते पाच बंद, रविवारी बहुधा दिवसभर बंद. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा भाग ओस पडत चाललेला आहे. पुष्कळ गावांत दुकानच नाही, पाव आणि भाजी घेऊन येणारी गाडी ठरल्या दिवशी भोंगा वाजवत येते आणि जाते. म्हणून एक पूर्ण दिवसाचे कोरडे खाणे कायम सोबत असावे, आणि शनिवारी दुपारपूर्वी सोमवार सकाळपर्यंतची सोय करावी.

शाकाहाराबद्दल मी आपल्याला खोटा धीर देणार नाही. मसुराच्या आमटीत डुकराच्या मांसाचे सॉसेज असते, कोशिंबिरीवर टूना मासा असतो, आणि बुर्गोसच्या ज्या प्रसिद्ध पदार्थात तांदूळ दिसतो त्या मोर्सियात रक्त असते. नुसते ‘मांस नको’ म्हटल्यास हॅमचे तुकडे तरीही येऊ शकतात, म्हणून ‘नो कोमो कार्ने, नी खामोन, नी पेस्कादो’ असे तिन्ही शब्द उच्चारून सांगावे: मांस नाही, हॅम नाही, मासे नाहीत. अंडी चालत असतील तर बटाट्याची तोर्तिया जवळजवळ प्रत्येक बारमध्ये मिळते. चालत नसतील तर टोमॅटो लावलेला पाव, बुर्गोसचे ताजे पांढरे चीज, ऑलिव्ह, तळलेल्या मिरच्या, फळे आणि सुकामेवा यांवर दिवस निघतो. सोबत छोटी शेगडी व थोडी डाळ असावी. शेगडी उन्हाळ्यात रानात पेटवू नये, वणव्याच्या भीतीने त्यावर कडक बंधने असतात. तंबूचेही तसेच आहे. निसर्गउद्यानात वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही. अधिकृत तळ आणि गावांतली ग्रामीण निवासगृहे यांवरच आखणी करावी. मुक्कामाच्या ठिकाणी पारपत्राचे तपशील नोंदवावे लागतात, आणि शेंगेन व्हिसाच्या अर्जालाही मुक्कामांची आरक्षणे दाखवावी लागतात, तेव्हा तंबूचा भरवसा तसाही अपुराच पडला असता.

सायकल: रोड बाइक नेऊ नका. चाळीस मिलिमीटरच्या आसपासचे टायर बसतील अशी ग्रॅव्हल किंवा टूरिंग सायकल हवी, आणि सर्वांत हलका गिअर असा की पुढचे चक्र मागच्यापेक्षा लहान किंवा फार तर तेवढेच असावे. उतारांसाठी डिस्क ब्रेक बरे. काठाच्या कोरड्या कच्च्या वाटांवर आपल्याकडचे सराटेच असतात, अगदी तीच वनस्पती. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट भरलेले असेल तर बहुतेक काट्यांचा त्रास वाचतो. गावाबाहेर सर्वांना हेल्मेट सक्तीचे आहे, अंधारात दिवे आणि चकाकणारे जाकीट सक्तीचे आहे, आणि बोगद्यांसाठी पुढचा दिवा चांगला हवा. मोटारचालकांनी ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि ग्रामीण भागात ते बऱ्यापैकी पाळले जाते. संकटात ११२ हा क्रमांक सगळीकडे चालतो, पण घळईच्या तळाशी मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, तेव्हा मुक्कामाच्या ठिकाणी आपली वाट सांगून निघावे.

वाटेत एक आडवळण सुचवतो. ओर्बानेखाच्या दक्षिणेला पठारावर सार्खेन्तेस दे ला लोरा नावाचे गाव आहे. १९६४ साली त्याच्या परिसरात खनिज तेल सापडले आणि २०१७ पर्यंत तिथल्या विहिरी चालू होत्या. गव्हाच्या शेतांमध्ये उभे असलेले तेलाचे पंप हे दृश्य स्पेनमध्ये दुसरीकडे दिसत नाही. घळईतून वर येण्याचा चढ कष्टाचा आहे, म्हणून ज्या दिवशी पाय ताजे असतील त्याच दिवशी जावे.

सगळे एकत्र करून सहा दिवस असे पडतील: रेइनोसा ते पोलिएन्तेस, पोलिएन्तेस ते एस्कालादा, एस्कालादातच पायी भटकंतीचा दिवस, पठारावरून पेस्केरामार्गे मांसानेदोचे खोरे, हा सर्वांत जड दिवस, तिथून ओन्या किंवा त्रेस्पादेर्ने, आणि शेवटी फ्रियास व सोब्रोनमार्गे मिरांदा. शेवटचा दिवस लांब वाटल्यास फ्रियासला एक जादा रात्र द्यावी, पण पहिले दोन दिवस एकत्र करू नयेत, कारण रुळायला तेवढा वेळ लागतोच.

जाण्यायेण्यासाठी रेइनोसा हे पालेन्सिया आणि व्हायादोलिदहून सांतान्देरला जाणाऱ्या मार्गावरचे स्थानक आहे, तर मिरांदा मोठे जंक्शन आहे. साध्या प्रादेशिक गाड्यांत सायकल जशी आहे तशी चढवता येते, मात्र गाडीमागे जागा मोजक्या असतात. वेगवान गाड्यांत ती बहुधा सोडवून पिशवीत बांधावी लागते. माद्रिदला उतरणार असाल तर विमानप्रवासात सायकल ज्यात बांधली तो खोका तिथल्याच हॉटेलात ठेवण्याची विनंती आरक्षण करतानाच करावी आणि सायकलीसाठी हलकी कापडी पिशवी सोबत ठेवावी, म्हणजे परतीला मिरांदाहून जी गाडी मिळेल ती घेता येईल.